ध्रुपद धरणारे

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात ख्रिस्ती साहित्य बहुधा दोन-तीन नावांत आटोपते. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’, रेव्हरंड टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’. विद्यार्थी 1616 हे साल ध्यानात ठेवतो, ओव्यांची संख्या 10,962 असल्याचे टिपून घेतो, टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. या साहित्याची एक बाजू मात्र वर्गात क्वचितच ऐकू येते. ‘ऐकू येते’ हा शब्द येथे आम्ही अगदी शब्दशः वापरीत आहोत. ‘स्मृतिचित्रे’ सोडली तर यातील बरेचसे साहित्य म्हणण्यासाठी, गाण्यासाठी लिहिले गेले. ओवी असो, अभंग असो की पद असो, त्याच्या कर्त्याला समोर वाचक दिसत नव्हता. समोर बसलेली मंडळी दिसत होती.

हे साहित्य आम्हांला पुस्तकाआधी गळ्यातून मिळाले. आम्ही नऊ जण पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथल्या निरनिराळ्या मंडळ्यांत वाढलो. आमच्या लहानपणी रविवारच्या उपासनेत ‘उपासना संगीत’ उघडले जाई. एक गीत ऑर्गनवर इंग्रजी चालीत होई, तर दुसरे पेटी-तबल्यावर अभंगाच्या चालीत. दोन्ही आमचीच, असे आम्ही धरून चाललो होतो. एकाच पुस्तकात दोन संगीतसंस्कृती शेजारी शेजारी का नांदतात, हा प्रश्न पुढे अभ्यासाच्या निमित्ताने पडला. आणि त्याचे उत्तर बरेचसे परदेशात मिळाले, ही या लेखामागची हकीकत आहे.

2023 सालच्या जून महिन्यात आम्ही नऊ जण स्कॉटलंडला गेलो. क्लाइड नदीच्या मुखाजवळच्या एका लहान गावातील मंडळीने आमंत्रण दिले होते. पत्रातील वाक्य साधे होते: तुमची गीते घेऊन या आणि तुमचा विश्वास आमच्याबरोबर वाटून घ्या. चर्चच्या भाषेत अशा प्रवासाला ‘मिशन’ म्हणतात. 1823 साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे काम कोकणात सुरू झाले, त्याला त्या वर्षी बरोबर दोनशे वर्षे होत होती. तिकडून इकडे येणारी वाट आता इकडून तिकडे चालली होती. या योगायोगाची आम्हांला गंमत वाटली आणि थोडे दडपणही आले.

दडपणाचे कारण ‘मिशन’ या शब्दातच होते. आपल्याकडे हा शब्द शाळा, दवाखाना, दुष्काळातील मदत यांच्याशी जोडलेला आहे, तसाच तो संशयाशीही जोडलेला आहे. एका हातात अन्न आणि दुसऱ्या हातात धर्म, हे चित्र मराठी मनातून गेलेले नाही; ते सर्वस्वी खोटे आहे असेही कोणी प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. आमच्यापैकी काहींच्या हिंदू शेजाऱ्यांनी निघताना थट्टेने विचारले, “तिकडे ख्रिस्ती करायला कोण उरले आहे?” थट्टेत तथ्य होते, पण विचारणाऱ्यांना अभिप्रेत होते त्याच्या उलट बाजूने. 2022 च्या स्कॉटलंडच्या जनगणनेत 51.1 टक्के लोकांनी आपल्याला कोणताच धर्म नाही असे नोंदवले आहे. 2011 साली हे प्रमाण 36.7 टक्के होते. चर्च ऑफ स्कॉटलंडचे म्हणवणारे 32.4 वरून 20.4 टक्क्यांवर आले. ज्या देशाने आमच्या पणजोबांच्या हाती पवित्र शास्त्र दिले, त्या देशात आता देवळे विकायला निघाली आहेत.

आम्हांला बोलावणारे देऊळही त्यांपैकीच एक होते. पाचशे माणसे बसतील एवढ्या बाकांवर रविवारी वीस-पंचवीस माणसे विखरून बसत. इमारत ठेवणे परवडत नाही, ती वर्षअखेरीस सोडावी लागणार, हे ठरून गेले होते. तेथल्या पाळकबाईंनी पहिल्याच दिवशी चहा देताना हे शांतपणे सांगितले. “शेवटच्या काही उपासनांत आम्हांला नवे काही ऐकायचे आहे,” असे त्या म्हणाल्या. आम्ही एकमेकांकडे पाहिले. विश्वास वाटून घ्यायला आलो होतो. पण समोरची माणसे आपले घर आवरीत होती.

त्या रात्री आमच्यात वाद झाला. त्याचा विषय साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित वाटेल. आमच्यात सर्वांत वडील होते ते काका. निवृत्त शिक्षक, आणि नगर जिल्ह्यातील गावोगाव ख्रिस्ती कीर्तने केलेले. त्यांचे म्हणणे असे की केवळ गाण्याने साक्ष होत नाही. कीर्तनात पद येते, त्यापाठोपाठ निरूपण येते. निरूपणावाचून पद म्हणजे अर्थ न सांगता दिलेली मिठाई. तेव्हा प्रत्येक अभंगाचा अर्थ इंग्रजीत सांगावा, प्रभूचे नाव स्पष्ट घ्यावे. आमच्यातील सर्वांत धाकटी, साहित्याची विद्यार्थिनी, याच्या विरुद्ध बाजूला होती. “काका, या लोकांना अर्थ ठाऊक आहे. चारशे वर्षे तेच ऐकत आले आहेत. त्यांना अर्थ सांगणारे आपण कोण? सूर ऐकू द्या, बाकी देवावर सोडा.”

दोघांच्याही बाजूला इतिहास उभा होता. काकांच्या बाजूला अख्खी ख्रिस्ती कीर्तनपरंपरा होती. अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी प्रारंभी आपल्या देशातील गीते मराठीत आणली ती त्यांच्या चालींसकट. इंग्रजी चाल आघातावर उभी असते. मराठी पद्य अक्षरे मोजते किंवा मात्रा मोजते. परिणामी ऱ्हस्व अक्षरावर लांब सूर येऊन बसतो, शब्द मधेच तुटतो आणि अर्थाचा जोर भलत्याच जागी पडतो. आजही अशी गीते गाताना आमच्या आजी-आजोबांच्या पिढीने त्यांना दिलेली मुरड आम्हांला ऐकू येते. चाल त्यांची, पण गळ्याने तिला आपल्या सवयीप्रमाणे वाकवलेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाचा साचा स्वीकारला, आणि त्यानंतर टिळकांनी अभंग हेच ख्रिस्ती उपासनेचे घर केले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे. या परंपरेत गाणे आणि सांगणे ही एकाच क्रियेची दोन अंगे आहेत.

धाकटीच्या बाजूला फादर स्टीफन्स होते, असे आम्हांला वाटते. हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि 1619 साली तिथेच मरण पावला. या चाळीस वर्षांत त्याने बायबलमधील कथा मराठी ओवीत घातली. तिच्यावरच्या आक्रमणांची हकीकत आपण जाणतो. 1684 साली तर पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मानच काढले. तरी ‘क्रिस्तपुराण’ टिकले. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या, आणि त्यांच्याच आधारे 1907 साली मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघाली. ज्यांची रोजची बोली कोकणी होती, त्यांनी हे जुन्या वळणाचे मराठी शतकानुशतके का सांभाळले? प्रत्येक शब्दाचा अर्थ कळत होता म्हणून खचितच नव्हे. ते म्हटले जात होते म्हणून.

वादाचा निकाल लागला नाही. पहिल्या संध्याकाळी धाकटीच्या मताप्रमाणे केले. पेटी, तबला, टाळ आणि चिपळ्या घेऊन आम्ही देवळाच्या पुढल्या भागात बसलो आणि ओळीने सहा रचना गायिल्या. पेटीकडे तेथील मंडळी कुतूहलाने पाहत होती; हे वाद्य एकोणिसाव्या शतकात युरोपातूनच आमच्याकडे आले आणि आम्ही त्याला जमिनीवर बसवले, हे सांगितल्यावर हशा पिकला. गाणे चांगले झाले. प्रत्येक रचनेनंतर टाळ्या पडल्या. शेवटी चहाच्या वेळी सर्वांनी आमची फार तारीफ केली. ताल किती वेगळा, आवाज किती मोकळे, वगैरे. आम्ही मुक्कामाच्या जागी परतलो तेव्हा कोणी फारसे बोलत नव्हते. ती मैफल झाली होती. उपासनेत कुणी टाळ्या वाजवीत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी काकांनी निरूपण केले. ते सोप्या इंग्रजीत, संथपणे बोलले. टिळक कोण होते, कोकणातल्या करजगावी 1861 साली जन्मलेल्या ब्राह्मण कवीने 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याच्या घरात काय वादळ झाले, लक्ष्मीबाईंनी ते पुढे किती निर्मळपणे लिहिले, हे त्यांनी सांगितले. माणसे मन लावून ऐकत होती. पण आम्हांला मागून दिसत होते की निरूपण सुरू झाले की त्यांच्या बसण्यात एक शिस्त येई. ती प्रवचन ऐकण्याची जुनी शिस्त होती. ती त्यांना पाठ होती आणि बहुधा तिनेच त्यांना थकवले होते. सूर एका बाजूला राहिला, सांगणे दुसऱ्या बाजूला. आमच्या गावच्या कीर्तनात असे होत नाही. का होत नाही, याचा आम्ही रात्री विचार करीत बसलो.

उत्तर काकांनाच सुचले. कीर्तनकाराच्या मागे टाळकरी असतात. पदाचे ध्रुपद ते धरतात. कीर्तनकार एक चरण म्हणतो, त्याचा अर्थ उलगडतो, मध्येच थांबतो, आणि मागचे लोक ध्रुपद उचलून त्याला पुन्हा मूळ जागी आणतात. श्रोत्यांनाही ते ध्रुपद येत असते. म्हणजे निरूपण ऐकणारा माणूस हा त्याच कीर्तनातील गाणाराही असतो. तुकोबांनी आपल्या आत्मपर अभंगांत सांगितले आहे की आरंभी त्यांना कीर्तन येत नव्हते. पुढे गाणाऱ्यांच्या मागे ते ध्रुपद धरीत, भावाने, मन शुद्ध करून. मराठीतील सर्वांत मोठ्या कवीची वाटचाल दुसऱ्याचे ध्रुपद धरण्यापासून सुरू झाली, ही गोष्ट आम्ही वर्गात अनेकदा शिकवली आहे. त्या रात्री तिचा अर्थ वेगळा लागला. आमच्या दोन्ही कार्यक्रमांत समोरच्या लोकांना धरायला काहीच नव्हते.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही पुढून उठलो आणि बाकांमध्ये जाऊन बसलो. एक छोटे ध्रुपद निवडले. त्यात येशूच्या नावाखेरीज दोनच शब्द होते. ते रोमन लिपीत कागदावर लिहून वाटले, अर्थ एका वाक्यात सांगितला आणि दहा मिनिटे नुसते तेच म्हणवून घेतले. स्कॉटिश जिभेला आपला ‘ळ’ जमत नाही, हे कळले. त्यांचा ‘र’ मात्र आपल्यापेक्षाही ठसठशीत. मग काकांनी एकेक चरण म्हणायला सुरुवात केली आणि प्रत्येक चरणानंतर ती वीस-बावीस माणसे ध्रुपदावर परत येऊ लागली. पहिल्यांदा बिचकत, मग बऱ्यापैकी, मग आमची वाट न पाहता. शेवटी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी स्वतःच गायिले होते, टाळ्या कुणासाठी वाजवणार?

त्या मंडळीत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते. तिन्ही दिवस ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले होते. पूर्वी ते मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्यांपैकी एक होते. पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांनी ते पद सोडले होते. देऊळ थंड असते म्हणून चुली पेटवायला येतो, असे ते हसत सांगत. तिसऱ्या दिवशी ते काकांजवळ आले. आपल्याला विश्वासांगीकार म्हणता येत नाही, गेली नऊ वर्षे आपण त्या ठिकाणी गप्प राहतो, असे ते म्हणाले. “पण बाकीचे तुम्ही म्हणत असाल, तर ही एक ओळ मी धरू शकतो.” काकांनी त्यांना ध्रुपद या शब्दाचा अर्थ सांगितला: जे ध्रुव आहे, हलत नाही, ते पद. ते ऐकून ते काहीच बोलले नाहीत. दोघे बराच वेळ शेजारी बसून राहिले.

आम्ही त्या प्रसंगाला विजय मानत नाही. त्या गृहस्थांचा विश्वास परत आला की नाही, हे विचारण्याचा अधिकार आम्हांला नव्हता आणि आम्ही विचारलेही नाही. पण विश्वास वाटून घेणे म्हणजे काय, याविषयी आमच्या नऊ जणांच्या मनात जो गुंता होता तो त्या वाक्याने पुष्कळ सोडवला. ज्याला सारे म्हणता येत नाही त्याला एक ओळ धरता येते, आणि ती त्याने धरली की उरलेले सर्व जण मिळून म्हणतात. सामुदायिक भक्तीला गाणे का लागते, याचे याहून साधे उत्तर आम्हांला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी कपाटातून एक जुने पुस्तक काढून आणले. ती चर्च हिम्नरीची 1973 सालची तिसरी आवृत्ती होती. त्यांनी एक पान उघडून आमच्यापुढे धरले. गीताखाली कवी म्हणून नारायण वामन टिळक आणि भाषांतरकार म्हणून निकोल मॅकनिकल यांची नावे होती. आपण ज्याची ओळख करून देत होतो तो कवी आमच्या पन्नास वर्षे आधी येथे येऊन राहिला होता! बाईंनी ते लहानपणी शाळेत म्हटले होते. कवी मराठी होता हे मात्र त्यांना आमच्या निरूपणातून कळले. गुरूच्या शाळेत विद्यार्थी म्हणूनही बसण्याची पात्रता नसलेल्याला त्याने मित्र म्हणावे, याचे नवल त्या गीतात आहे. त्यांनी ते ऑर्गनवर वाजवून दाखवले. चाल ‘विगटाउन’, 1635 सालच्या स्कॉटिश स्तोत्रपुस्तकातील. त्या वर्षी तुकोबा देहूत हयात होते.

मॅकनिकल हे पुण्यात दीर्घकाळ काम केलेले स्कॉटिश मिशनरी. त्यांचे अधिक महत्त्वाचे काम म्हणजे 1919 साली प्रसिद्ध झालेला मराठी संतांच्या निवडक रचनांचा इंग्रजी अनुवाद. ज्ञानदेव, मुक्ताबाई, नामदेव, जनाबाई, एकनाथ आणि तुकाराम यांच्या 108 रचना त्यात आहेत. संख्या जपमाळेची, आणि शीर्षकात शब्द ‘साम्स’, म्हणजे बायबलमधील स्तोत्रांना इंग्रजीत जे म्हणतात तोच. स्तोत्रे द्यायला आलेला माणूस परत जाताना स्तोत्रे घेऊन गेला. त्याच वर्षी मे महिन्यात टिळक वारले. ही दोन माणसे एकमेकांच्या भाषेत जे शोधीत होती ते धर्मांतराच्या आकडेवारीत कोठेच सापडणार नाही.

टिळकांचे ते गीत इंग्रजीत जाताना ‘कॉमन मीटर’मध्ये गेले: आठ, सहा, आठ, सहा अक्षरगटांच्या चार ओळी. स्कॉटलंडमध्ये हा छंद म्हणजे जणू आपली ओवी. 1650 सालच्या त्यांच्या छंदोबद्ध स्तोत्रपुस्तकात बहुतेक स्तोत्रे या छंदात म्हणता येतात, त्यामुळे असे कोणतेही स्तोत्र कोणत्याही अशा चालीवर बसते. आपल्या मोठ्या अभंगाची घडण निराळी. सहा, सहा, सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चारच अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक, आणि चौथ्यात एकदम पायरी उतरल्यासारखा विसावा. त्या चार अक्षरांनंतर जी मोकळी जागा राहते तीत टाळ वाजतो, श्वास घेतला जातो आणि ध्रुपद शिरते. कॉमन मीटरच्या चौकटीत अशी उणी जागा नसते. त्यामुळे अभंगाचे तेथे जे होते ते सुबक, समतोल आणि थोडे बंदिस्त होते. पण तेथील माणसाला ते लहानपणापासून तोंडपाठ असलेल्या चालीत मिळते, आणि म्हणून त्याला ते धरता येते. इंग्रजी चालींवरची मराठी गीते आम्हांला कृत्रिम वाटत आली होती. ‘विगटाउन’ ऐकल्यावर वाटले, दोन्ही बाजूंनी हा एकच व्यवहार चालला आहे. दुसऱ्याच्या गळ्यात जायचे तर दुसऱ्याचा छंद पत्करावा लागतो, आणि त्यात काही गमवावेच लागते.

येथून आम्ही उत्तरेकडे, लुइस बेटाकडे गेलो. उल्लापूलहून स्टॉर्नोवेला जाणारी बोट अडीच तासांची. रविवारची विश्रांती तेथे इतकी कडक पाळली जात असे की या मार्गावर रविवारची बोट 2009 साली प्रथम सुरू झाली, तीही विरोध पत्करून. या बेटावर गेलिक भाषेतील स्तोत्रगायन अद्याप चालते, आणि ते ऐकावे एवढीच आमची इच्छा होती. फ्री चर्चच्या महासभेने 2010 साली उपासनेत वाद्ये आणि इतर गीते वापरण्याची मुभा दिली. तरी पुष्कळ मंडळ्या आजही वाद्याविना केवळ स्तोत्रेच गातात. बाहेरून आलेल्यांनी उपासनेत गाण्याचा तेथे प्रघात नाही. पेटी, तबला आणि टाळ खोलीवर ठेवून आम्ही बाकावर बसलो.

जे ऐकले त्याचे वर्णन करणे अवघड आहे. अग्रगायक बसल्या जागेवरून एक ओळ एक-दोन सुरांवर झपाट्याने म्हणतो. गेलिकमध्ये याला ‘ओळ पुढे टाकणे’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. मग सारी मंडळी तीच ओळ चालीवर अतिशय संथपणे उचलते. ताल नाही, स्वरमेळ नाही. प्रत्येक जण मूळ स्वराभोवती आपापली मुरकी घेतो, कुणी आधी पोचतो, कुणी मागून. सर्व आवाज एकाच दिशेने जातात, पण खांद्याला खांदा लावून नव्हे. लाट किनाऱ्याला सरळ रेषेत येत नाही तसे ते वाटते. काही चाली पाच स्वरांच्या असल्याने आम्हांला भूपाचा भास होत होता. काकांनी डोळे मिटले होते. बाहेर आल्यावर ते एवढेच म्हणाले, “ही आपली दिंडीच आहे, फक्त पाऊल नाही.”

या गायनाचा इतिहास आम्ही नंतर पाहिला तेव्हा तोच व्यवहार पुन्हा समोर आला. 1659 साली पहिली पन्नास स्तोत्रे गेलिकमध्ये छापली गेली. पूर्ण संच 1694 साली निघाला. छंद दक्षिणेकडील स्कॉट लोकांचा आणि इंग्रजीचा, चालीही बहुतेक तिकडच्याच. गेलिक कवितेच्या स्वतःच्या परंपरेला हे सारे परके होते. म्हणजे या बेटांनाही स्तोत्रे बाहेरूनच मिळाली, जशी आम्हांला मिळाली. ओळ आधी म्हणून दाखवण्याची रीतही मुळात दक्षिणेकडचीच होती, ज्यांच्याजवळ पुस्तक नाही किंवा ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी घातलेली. तिकडे ती सुटली, येथे राहिली, आणि त्या परक्या चाली येथल्या गळ्यांत इतक्या विरघळल्या की आज त्यांचे मूळ रूप ओळखू येऊ नये. त्यांना कुणी ‘देशीकरण’ करायला सांगितले नव्हते. माणसे केवळ आपल्या श्वासाने गात राहिली.

त्या संध्याकाळी एका घरी आम्हांला बोलावले होते. जूनमध्ये तेथे रात्री दहा वाजताही उजेड असतो. यजमानांनी गाण्याचा आग्रह केला. वाद्ये जवळ नव्हती, म्हणून आम्ही ‘क्रिस्तपुराणा’तील काही ओव्या म्हटल्या, जात्यावरच्या ओवीच्या संथ चालीत. ओवीला ताल लागत नाही, आणि त्या घराला ते ओळखीचे वाटले. हे चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाने लिहिलेले मराठी आहे, असे आम्ही सांगितले तेव्हा गेलिक बोलणारी ती मंडळी मनापासून हसली. इंग्रजांनी दुसऱ्याची भाषा शिकल्याचे उदाहरण त्यांना नवे होते! मग यजमानांनी एक स्तोत्र घेतले. ते ओळ पुढे टाकीत आणि आम्ही, गेलिकचा एकही शब्द न जाणणारे नऊ मराठी लोक, ती जमेल तशी उचलीत होतो. साक्ष कोण कुणाला देत होते, हे त्या खोलीत सांगता आले नसते.

परत आल्यावर आमच्या मंडळीने साहजिकच विचारले, तिकडे किती जणांना तारण मिळाले? असा प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही हसत नाही. सुवार्ता म्हणजे काहीतरी घडून यावे अशीच अपेक्षा आहे. आमच्यापाशी द्यायला आकडा नव्हता. टिळकांपाशीही तो नसावा. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या दोघांनाही त्यात बसता यावे अशी त्यांची इच्छा होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार मागे पडला. त्यांची पदे मात्र राहिली, आणि त्यांत तो दरबार अजून भरतो असे आम्हांला वाटते. पद म्हणणाऱ्याला दाराशी कोणी दाखला विचारीत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे यातून एक लहानशी सूचना ठेवावीशी वाटते. धर्मप्रसाराच्या साहित्याकडे पाहताना आपण ‘कोणी कोणावर काय लादले’ या प्रश्नापाशी थांबतो. तो प्रश्न खरा आहे आणि तो विचारीत राहिले पाहिजे. गोव्याचा इतिहास त्याशिवाय वाचता येणार नाही. पण गायिल्या जाणाऱ्या साहित्याला त्याच्यापुढचा आणखी एक प्रश्न लागू होतो: मागे ध्रुपद कोणी धरले, आणि कोणत्या स्वरात? स्टीफन्स यांच्या ओवीचे ध्रुपद मंगळूरच्या कोकणी माणसांनी धरले, इंग्रजी चालींचे नगरच्या आजी-आजोबांनी, टिळकांच्या पदाचे क्लाइडकाठच्या शाळकरी मुलींनी, दक्षिणेकडील स्तोत्रांचे लुइसच्या कोळ्यांनी. देणाऱ्याच्या हातात फक्त पहिली ओळ असते. ती दुसऱ्याच्या गळ्यात कशी वाकेल, हे त्याला ठरवता येत नाही.

ते देऊळ ठरल्याप्रमाणे 2023 च्या अखेरीस बंद झाले. तेथील माणसे आता शेजारच्या गावात जातात. पाळकबाईंचे पत्र आले त्यात त्यांनी लिहिले आहे की शेवटच्या उपासनेत, आशीर्वचनाच्या आधी, कोणी न सुचवता मागच्या बाकावरून ते मराठी ध्रुपद सुरू झाले आणि सर्वांनी ते धरले. ‘ळ’ अजून जमत नाही, असेही त्यांनी कळवले आहे.